एक बॉल कमी

"सर, रजिस्टरला बॉल एक दिसतोय. कपाटात नाही. कुठाय?"

आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क, ज्यांना प्राचार्यांपासून शिपाईमामांपर्यंत सगळे भाऊसाहेब म्हणतात, ते लाल बांधणीचं डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंदवही, पोटाशी धरून जिमखान्याच्या दारात उभे होते. मला निवृत्त व्हायला चार दिवस उरले होते. चार्ज दिल्याशिवाय ना-देय प्रमाणपत्र नाही, आणि ना-देय प्रमाणपत्राशिवाय पेन्शनचा कागद टेबलावरून हलत नाही. ज्या खोलीत बत्तीस वर्षं काढली तिची सकाळपासून मोजदाद चालली होती. गोळे तीन. थाळ्या दोन. भाला एक, वाकलेला. कॅरम दोन. बुद्धिबळाचा संच एक, त्यात काळा उंट नाही.

"त्या कोपऱ्यात आठ बॉल आहेत की," मी म्हटलं.

"ते रबरी. ते उपभोग्य वस्तूंत. हा डेडस्टॉकचा आहे. बास्केटबॉल, चामडी, नग एक, सन २००८."

अक्षर माझंच होतं. बॉल महागाचा, म्हणून मीच हट्टानं तो डेडस्टॉकला चढवायला लावला होता. कोणी सहज मागून नेऊ नये म्हणून. तो कुठे आहे हे मला ठाऊक होतं. निदान पंधरा वर्षांपूर्वी कुठे होता ते ठाऊक होतं. पण भाऊसाहेबांना एवढंच म्हटलं, "बघतो."

गावाचं नाव सांगत नाही. रत्नागिरी जिल्ह्याचं उत्तरेकडचं टोक, वर तालुक्याचं गाव, उतार उतरलं की बंदर, एवढ्यावर भागवा. तिथल्या कॉलेजात मी आधी तासावरचा कोच, मग कायम नोकरीतला शारीरिक शिक्षण संचालक आणि कोच, मग नुसता संचालक, मग पुन्हा कोच, असा फिरत आलो. करिअर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जिना येतो. माझा कशेडी घाट होता. वळण संपलं म्हणून जरा टेकावं तर पुढचं समोर.

मुळात बास्केटबॉल हा खेळ घरात खेळायचा. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं तो काढला, तो बाहेर कडाक्याची थंडी म्हणून. पोरांना हॉलमध्ये गुंतवून ठेवायचं होतं. सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीच भरायच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि झाला खेळ सुरू. टोपल्यांना बूड होतं. बॉल आत पडला की शिडी लावून काढायचा. बूड गेलं, शिडी गेली, पण रिंगची उंची आजही दहा फूटच आहे. तर बाहेर हवा वाईट म्हणून आत नेलेला हा खेळ आमच्याकडे आला तो थेट उघड्यावर, जिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या मुलखात. आणि आमच्या मॅचेस ऑगस्ट-सप्टेंबरात.

पोरांचं वेळापत्रक तर विचारूच नका. बंदरावरची पोरं मोकळी असतात ती मासेमारी बंद असते तेव्हा, १ जून ते ३१ जुलै. तेव्हा कोर्टावर घोटाभर पाणी. ऑक्टोबरात कोर्ट सुकतं तेव्हा तीच पोरं होडीवर. बागांतली पोरं मार्चपासून आंब्यात. गणपतीत कोणी मिळत नाही, शिमग्यात पालखी घरोघर फिरून होईपर्यंत कोणी मिळत नाही. उरलेली कबड्डी खेळतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. कबड्डीला चार रेघा आणि छातीत दम लागतो. आमच्या खेळाला लोखंड लागतं. लोखंड आणि खारा वारा यांचं कसं जमतं ते कोकणात ज्यानं घराला ग्रिल बसवलंय त्याला विचारा.

मी लागलो १९९२ साली, तासिका तत्त्वावर. तासाला किती मिळायचे ते सांगत नाही, माझ्या मुलीला अजून खरं वाटत नाही. वर्गातले तास मोजले जायचे, सराव मोजला जायचा नाही. सराव म्हणजे सरांची हौस. जूनमध्ये नेमणूकपत्र मिळायचं, मार्चमध्ये संपायचं. एप्रिल-मे मी एका बागायतदाराकडे पेट्या भरायला जायचो. पेंढा, आंबे, पेंढा, आंबे. पोरं वर्षाअखेरीस विचारायची, "सर, पुढच्या वर्षी आहात ना?" मी उलट विचारायचो, "तुम्ही आहात ना?" बारावी झाली की निम्मी मुंबईला, कोणा मामाकडे नाहीतर काकाकडे. टीम बांधायची म्हणजे वाळूत खोपा करायचा, भरती कधी ते माहीत असून.

त्या वर्षांतलं एक मात्र अजून डोळ्यांसमोर आहे, ते नेट. दुकानातलं नेट एका पावसाळ्यात विरून जायचं आणि दरवर्षी नवीन घ्यायला जिमखान्याकडे पैसे नसायचे. टीममधल्या एका पोराचा बाप बंदरावर जाळी विणायचा. त्याला म्हटलं, "काका, एक बारकंसं जाळं हवंय." तो माप घ्यायला स्वतः कोर्टावर आला, रिंगखाली उभा राहून वर बघत म्हणाला, "घरं किती?"

"वर बारा. बारा हूक आहेत."

"आणि खाली?"

"खाली मोकळं."

हे त्याला काही पटेना. "मग त्यात राहणार काय?" काही राहायला नकोच आहे, मी समजावलं. आलेलं जायलाच हवं. फक्त जाताना जरासं अडलं पाहिजे, म्हणजे पडला की नाही ते लांबून दिसतं. त्यानं मान हलवली, आणि दोन दिवसांनी जे आणून बांधलं त्यात पहिलाच बॉल अडकून बसला. नेस्मिथची टोपली! पोरं खो-खो हसली. काका हसला नाही. खिशातून विणायची सुई काढली, शिडीवर चढला आणि तिथंच वर हात करून खालच्या दोन ओळी उसवल्या. दोरा दातात धरायचा, डाव्या हाताची दोन बोटं जोडून घराचं माप घ्यायचं, सुई आतून घालायची, गाठ ओढायची. बघताना माझी मान दुखायला लागली, त्याची दुखली नसावी. अर्ध्या तासानं खाली उतरून म्हणाला, "टाका." मी टाकला. निळ्या दोऱ्यातून बॉल क्षणभर थबकून सुळकन खाली आला. ते नेट पाच पावसाळे टिकलं. पैसे घेतले नाहीत त्यानं. मॅच कधी आहे तेवढं विचारलं.

२६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि त्याच वर्षी आम्ही झोनमधून, म्हणजे विद्यापीठाच्या आमच्या विभागातून, पहिल्यांदा वर, मुंबईला खेळायला गेलो. दोन्हींचा संबंध नाही, पण पोरं आहे असंच सांगायची. खेडला अपरात्री कोकणकन्या धरली, पहाटे सीएसटी. राहायला लालबागला गावमंडळाची खोली. तिथं आधीच चौदा चाकरमानी, त्यांत आम्ही अकरा. रात्रपाळीवाला निघाला की त्याच्या जागेवर आमचा सेंटर, टीममधला सगळ्यात उंच पोरगा, आडवा व्हायचा, पाय दाराबाहेर.

समोरच्या टीममध्ये तीन पोरं नागपाड्याची होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मुंबईत नागपाडा म्हणजे या खेळाचं आजोळ. भारताचा कप्तान झालेला, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवलेला अब्बास मुंतसिर तिथला. तिथली पोरं चालायला शिकतात ती बॉल आपटत. आणि कोर्ट लाकडी! आमच्या पोरांनी लाकडी कोर्ट कधी बघितलेलंच नव्हतं. एकानं दारातच बूट काढले, देवळाबाहेर काढतात तसे. त्याला हळूच म्हटलं, "अरे, घाल." मॅच ८४-१७ गेली. परतीच्या गाडीत पेणपर्यंत कोणी बोललं नाही. मग मागून एक आवाज आला, "पण सर, सतरा झाले की!" आणि कोणाचे किती यावर जी भांडणं सुरू झाली ती खेड येईपर्यंत. सगळ्यांनी सांगितलेले जोडले तर सव्वीस होत होते.

२००१ मध्ये कायम झालो. घरी दोन दिवस कोणाला खरं वाटलं नाही. मग फ्रीज आला.

तेव्हा कुठून तरी मी अमेरिकन कॉलेज-कोचांबद्दल वाचायला लागलो होतो. जॉन वुडन हा त्यांतला मोठा माणूस. कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठात १९४८ साली आला, पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९६४ ला. सोळा वर्षं लागली. आणि मग बारा वर्षांत दहा. हा माणूस दरवर्षी पहिल्या दिवशी पोरांना काय शिकवायचा, तर मोजे कसे घालायचे. सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की खेळाडू गेला. मला हे फार आवडलं. २००३ च्या जूनमध्ये मी पोरांना गोल बसवलं आणि म्हटलं, आज मोजे. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बारा जणांत मिळून मोजे तीन जोड, त्यातला एक शाळेच्या गणवेशातला. बाकीची पोरं भर पावसात स्लिपर घालून आली होती आणि त्यांचे तळवे कातळावर चालून असे झाले होते की फोडालाच जागा नव्हती. मी बाजारातून डझनभर मोजे आणले. भाऊसाहेबांनी तेव्हाही विचारलं होतं, "हे कशात दाखवू?"

असो. आता २००८ आणि २००९ कडे यायला हवं, आणि तिथं यायला मी रेंगाळतोय हे माझं मलाही दिसतंय.

नेट विणणाऱ्या काकाचा धाकटा मुलगा २००७ ला कॉलेजात आला. उंची साडेपाच फूट, हात मात्र वल्हं मारून लोखंड झालेले. बॉल घेऊन पुढे जाताना तो मान न वळवता बोटानं पोरांना जागा दाखवायचा. तू तिकडं, तू थांब, तू जा. पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव तांडेल ठेवलं. होडीवरचा तांडेल जसा खलाशांना ओरडत नाही, नुसती भुवई उचलतो, तसंच. पॉइंट गार्ड म्हणजे काय हे मी पंधरा वर्षं फळ्यावर काढून शिकवत होतो. त्याला शिकवावं लागलं नाही. त्याच्या घरी तो धंदाच होता.

२००८ ला आम्ही झोन जिंकलो, पहिल्यांदा. संस्थेनं खूश होऊन तो चामडी बॉल घेऊन दिला. तोवर आमदार निधीतून सिमेंटचं कोर्टही झालं होतं, पण उतार उलटा पडला होता. पाणी बरोबर फ्री थ्रोच्या रेघेवर साचायचं. पावसाळ्यात त्याच्यावर हिरवं शेवाळ धरायचं. तारेचा ब्रश, ब्लीचिंग पावडर, मीठ, सगळं करून झालं की तीन दिवस कोर्ट आपलं, चौथ्या दिवशी शेवाळाचं.

२००९ चा ऑगस्ट. नारळी पौर्णिमा झाली होती, मॅचेस दहा दिवसांवर. सकाळी पोरांनी अर्धं कोर्ट खरवडलं आणि पाऊस आला. दुपारी उघडीप पडली. मी म्हटलं, अर्ध्याच कोर्टावर खेळा. तासभर ते झालं. पण मला फुल कोर्ट प्रेस हवा होता, म्हणजे समोरच्याला कोर्टभर दाबून धरायचं. मुंबईच्या टीमसमोर तोच एक डाव चालेल असं मी रात्र-रात्र जागून ठरवलं होतं. म्हटलं, पाचच मिनिटं पूर्ण कोर्ट. सांभाळून. हा 'सांभाळून' मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला ऐकवला आहे. जणू तो म्हटला की जबाबदारी पोरांकडे जाते.

तांडेल डाव्या बाजूनं आला, दोन्ही पायांवर थांबायला गेला. उजवा थांबला. डावा पुढे गेला आणि गुडघा मागे राहिला. आवाज मला साइडलाइनवर ऐकू आला. तो खाली बसला, पडला नाही. बॉल त्यानं छातीशी धरून ठेवला होता, आम्ही उचलून बाकावर आणेपर्यंत.

चिपळूणला डॉक्टर म्हणाले लिगामेंट गेलंय, ऑपरेशन मुंबईला. आकडा ऐकून काका म्हणाला, "बघू." कोकणात 'बघू'चा अर्थ नाही असा होतो, हे सांगायला नको. पट्टी, शेक, गावठी लेप, असंच त्याचं भागलं. कॉलेजकडून जे मिळायला हवं होतं त्याचे कागद मी भरले, ते फिरत राहिले. मी पाच हजार नेऊन दिले. काकानं ठेवून घेतले, आणि त्यानंतर दोन वर्षं दर आठवड्याला कोणीतरी आमच्या दारात पिशवी ठेवून जायचं. बांगडे, कधी सौंदाळे, हंगामात सुरमई. माझी बायको एकदा म्हणाली, "अहो, हे पाच हजारांच्या वर गेलं." मला ते आधीच कळलं होतं.

दहा दिवसांनी आम्ही खेळलो आणि झोन पुन्हा जिंकलो. मुंबईला जाऊन एक मॅचही मारली, बावन्न-एकोणपन्नास. आमच्या कॉलेजच्या इतिहासात मुंबईतल्या टीमवर मिळालेला तो एकमेव विजय. पेपरच्या जिल्हा आवृत्तीत फोटो आला. संस्थेनं शाल-श्रीफळ दिलं. माझ्या सेवापुस्तकात कौतुकाचं एकच पत्र लावलेलं आहे, ते त्या वर्षीचं. शाल घेऊन घरी आलो, ती ठेवली, कपाटातून तो चामडी बॉल काढला आणि बंदरावर गेलो. तांडेल झोपला होता की झोपल्यासारखं करत होता, देव जाणे. बॉल त्याच्या आईकडे दिला. रजिस्टरला नोंद केली नाही.

मग उतार लागला. २०१० मध्ये तीन गुणांची रेघ आंतरराष्ट्रीय नियमांत सव्वासहा मीटरवरून पावणेसात मीटरवर गेली. आम्ही ती वर्षभरानं आखली. अर्धा मीटर म्हणजे हातभर, पण माझ्या एकुलत्या एका शूटरचे बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटायला लागले ते आपटतच राहिले. २०११ ला पहिल्या फेरीत बाहेर. २०१२ ला पहिल्या फेरीत बाहेर. २०१३ ला टीमच झाली नाही.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा कोच माइक शेशेव्स्की १९८० ला तिथं आला तेव्हा पहिल्या तीन हंगामांत त्याच्या मॅचेस जिंकल्या अडतीस आणि हरल्या सत्तेचाळीस. लोक म्हणत होते, काढा याला. काढला नाही. पुढे त्यानं पाच विजेतेपदं मिळवली. ही गोष्ट मी त्या काळात बऱ्याच जणांना सांगितली, न विचारता. तिकडे कोचला काढायचं तर करारातले उरलेले पैसे द्यावे लागतात, म्हणे. आमच्याकडे काढतही नाहीत. एक दिवस बॉलच्या कपाटाची किल्ली आपल्या खिळ्यावर दिसत नाही. विचारलं तर कळतं, ती आता दुसऱ्या सरांकडे आहे, ते बॉक्स क्रिकेटचं बघतात ना. मला नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या, फायली आल्या. नॅकची कमिटी तेव्हा पाच वर्षांनी यायची आणि ती यायच्या आधी कोर्टाला रंग लागायचा. त्या वर्षी रंगाची निविदा मीच काढली. लाल, हिरवा, पांढरा. खेळायला कोणी नव्हतं. कमिटीनं फोटो काढला.

किल्ली परत आली ती मुलींमुळे. २०१६ ला एफवायच्या सात जणी फाईलमध्ये तोंड घालून बसलेल्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, आम्हाला खेळायचंय." कोणाचा दादा माझ्याकडे खेळलेला, कोणाचा मामा. घरच्यांची अट एकच, हाफपँट नाही. म्हटलं, ट्रॅकपँटमध्ये बॉल पडायचा थांबतो का? तीन वर्षं त्या खेळल्या, एकदा झोनच्या फायनलला गेल्या. त्यांच्याबद्दल वेगळं लिहायला हवं, इथं उरकण्यासारख्या त्या पोरी नाहीत.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या भागात सुपाऱ्या-नारळ आडवे झाले, आगरंच्या आगरं. कोर्टाचा एक पोल मुळातून कलला, दुसऱ्याचा बोर्ड उडाला. तो पंधरा दिवसांनी शेजारच्या बागेत कलमाखाली सापडला, रिंगसकट. कॉलेज तसंही बंदच होतं. मी एकटा जाऊन ती रिंग पिशवीत घालून घेऊन आलो, का ते सांगता येणार नाही. दोन वर्षं ती आमच्या पडवीत होती. बायको तिच्यात ओली छत्री अडकवायची.

शेवटच्या हंगामात माझ्याकडे आठ पोरं होती. पहिल्या मॅचला हरलो. एवढंच.

चार्ज देण्याच्या आदल्या रात्री जुन्या वह्या काढून मी हिशेब मांडला. माझ्या हातून जिंकलेल्या मॅचेस एकाहत्तर, हरलेल्या एकशे चार. नेस्मिथचं आठवलं. ज्यानं हा खेळ शोधला तो पुढे कॅन्सस विद्यापीठात कोच झाला, तिथं त्याच्या नावावर पंचावन्न विजय आणि साठ पराभव आहेत. त्या विद्यापीठात इतके कोच होऊन गेले, पण जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला तो एकटाच. बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "त्याला बरं वाटलं असेल का हो, खेळ काढल्याचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लिलाव आटोपत आला तेव्हा बंदरावर पोचलो. पंधरा वर्षांत तांडेल मला अनेकदा दिसला होता, बाजारात, एसटी स्टँडवर. आम्ही हात करायचो. बोलणं झालेलं नव्हतं. आता तो खरोखरच तांडेल आहे, भावाच्या ट्रॉलरवर. काका चार वर्षांपूर्वी गेला. किनाऱ्याला लावलेल्या बारक्या होडीत उभा राहून तो पाणी उपसत होता. डावा पाय जरा बाहेर टाकून.

"बॉल?" तो म्हणाला. "हा काय."

त्याच्या हातात होता. अर्धा. मधोमध कापलेला, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, बाहेरचे दाणे अजून दिसत होते. त्याचंच टोपलं करून तो होडीतलं पाणी काढत होता.

"कापलास?"

"पंक्चर झाला ओ सर. टाकवेना. आई म्हणाली, उपसायला कर. दोन झाले होते, एक वाहून गेला."

मी होडीच्या कडेवर टेकलो. जे बोलायला पंधरा वर्षं आलो नव्हतो ते बोलायला सुरुवात केली. ते शेवाळ, ती पाच मिनिटं. त्यानं मधेच हात वर केला.

"पायाचं काय नाय. पाय माझा घसरला." दोन टोपली पाणी त्यानं बाहेर टाकलं. "शर्ट पण तुम्ही दहा दिवसांत दिलात सर. चार नंबर."

"बाराच शर्ट होते रे आपल्याकडे."

"माहीत हाय. चार ते पंधरा." मग म्हणाला, "पेपरात फोटो आला ना, त्यात पयला मला मीच वाटलो. शर्ट बघून."

यावर मला काही सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. तो म्हणाला, "घेऊन जा, रजिस्टरला लागत असेल तर." म्हटलं, नको, तू काय वापरणार. मोबाइलवर फोटो काढला. त्यानं टोपलं पायाशी धरलं, उजेड बरा येईल म्हणून.

भाऊसाहेबांनी निर्लेखनाचा, म्हणजे बॉल रजिस्टरातून कमी करायचा, प्रस्ताव तयार ठेवला होता. जीर्ण, निरुपयोगी, दुरुस्तीपलीकडे, तिन्ही शब्द छापलेलेच असतात. "नग किती लिहू?" त्यांनी विचारलं. म्हटलं, अर्धा. ते म्हणाले, रजिस्टरला अर्धा नग बसत नाही, एकच लिहितो. मग फोटोची प्रिंट खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी चष्मा वर केला.

"बॉल ठीक आहे. हा पाय कोणाचा?"

"खेळाडूचा," मी म्हटलं, आणि त्यांनी बोट ठेवलं होतं तिथं सही केली.